एस.बी. रोडवरचे बापट

पुण्याला इंटरव्ह्यूला जायचं म्हटलं की आपल्या तोंडी एक रस्ता हमखास येतो, एस.बी. रोड. मुंबईला गेलात तर दादर-माहीमकडेही याच नावाचा रस्ता भेटतो. रिक्षावाल्याला सांगतो, गुगल मॅपवर टाकतो, पण एस.बी. म्हणजे कोण याचा विचार सहसा कोणी करत नाही. मी पारनेर तालुक्यातला. त्यामुळे एस.बी. म्हणजे सेनापती बापट आणि ते आमच्या पारनेरचे, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण खरं सांगायचं तर तेवढंच माहीत होतं. दर १२ नोव्हेंबरला त्यांच्या जयंतीचं भाषण पाठ करायचं, बक्षिसाची वही घ्यायची आणि विसरून जायचं.

यावर्षी मात्र त्यांचं चरित्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आणि ते वाचायला लागलो आपल्या हॉस्टेलच्या वाय-फायमुळे! तुम्ही म्हणाल, वाय-फायचा आणि बापटांचा काय संबंध? सांगतो. पण आधी बापटांपासूनच सुरुवात करू.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. शाळा पुण्यात आणि नगरला झाली. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथून बी.ए. झाले आणि १९०४ साली मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले. कशासाठी माहीत आहे? इंजिनिअरिंगसाठी! एडिंबरोला मेकॅनिकल शिकायला. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघून, शिष्यवृत्तीच्या आधारावर, मशीन ड्रॉइंग आणि वर्कशॉप करणारा.

पण त्यांचं लक्ष फक्त लेथवर नव्हतं. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीचे परिणाम काय झाले, यावर त्यांनी तिथंच, इंग्रजांच्या देशात, जाहीरपणे मांडणी केली. परिणाम ठरलेला होता. शिष्यवृत्ती बंद! आपल्यापैकी ज्यांची स्कॉलरशिप दोन महिने उशिरा आली तर मेसचं बिल थकतं, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. परदेशात, हातात पैसा नाही, डिग्री अर्धवट. तरी त्यांनी माफी मागितली नाही. ते लंडनला इंडिया हाऊसमध्ये आले. तिथं सावरकर होते, श्यामजी कृष्णवर्मांनी उभं केलेलं ते घर होतं आणि त्या घरावर स्कॉटलंड यार्डची नजर होती. कोण आलं, कोण गेलं, कोणाबरोबर गेलं, सगळी टिपणं.

तिथून बापट पॅरिसला गेले. बरोबर बंगालचे हेमचंद्र दास कानुनगो होते. रशियातून परागंदा झालेल्या क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकायची हा हेतू. मूळ रशियन पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर करवून घेतलं आणि १९०८ साली बापट ते घेऊन मायदेशी परतले.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. दोनच दिवसांत कलकत्त्यात माणिकतळ्याच्या बागेवर पोलिसांची धाड पडली. अरविंद घोष, त्यांचे बंधू बारींद्र, हेमचंद्र असे कितीतरी लोक पकडले गेले. हाच तो अलीपूर बाँब खटला. त्यात नरेंद्र गोसाई नावाचा एकजण माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या तोंडून बापटांचं नाव बाहेर आलं. पुढे ३१ ऑगस्टला तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी त्या गोसाईला गोळ्या घातल्या. पण नाव तर एकदा सरकारच्या वहीत चढलं होतं. बापट भूमिगत झाले. चार वर्षं! घरी पत्नी यमुनाबाई, गावी म्हातारे आईवडील, आणि हा माणूस आपली ओळख कुठेही न देता गावोगाव फिरतोय.

चार वर्षं हा आपल्या इंजिनिअरिंगचा काळ आहे. फर्स्ट इयरच्या अ‍ॅडमिशनपासून लास्ट इयरच्या व्हायव्हापर्यंत, इतका काळ या माणसानं आपलं नाव उच्चारलं नाही. हे वाचलं आणि मी थांबलो. कारण त्याच आठवड्यात आपल्या हॉस्टेलमध्ये ओळखीवरूनच सगळा गोंधळ चालला होता.

आता थोडं टेक्निकल. आपल्या प्रत्येक फोनच्या वाय-फाय चिपला कारखान्यातच एक पत्ता मिळतो, मॅक अ‍ॅड्रेस. ४८ बिट्सचा. पहिले २४ बिट्स कंपनीचे, उरलेले त्या एका चिपचे. जगात दुसऱ्याचा तसा नसावा ही अपेक्षा. म्हणजे एक प्रकारे बोटाचा ठसाच. गंमत बघा, बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचं पोलीस कार्यालय १८९७ साली सुरू झालं ते कलकत्त्यातच, आणि ठशांची वर्गवारी लावण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव बदलता येतं, वेश बदलता येतो, ठसा बदलत नाही. सरकारला माणसाकडून हेच हवं होतं, न बदलणारं काहीतरी.

फोनचंही तसंच होतं. तुमचा फोन खिशात असतो, कुठल्याही वाय-फायला जोडलेला नसतो, तरी तो अधूनमधून हाका मारत असतो, आसपास कोणतं नेटवर्क आहे का म्हणून. त्या प्रत्येक हाकेबरोबर पूर्वी हा कायमचा पत्ता बाहेर पडायचा. हाका ऐकणारं एक स्वस्तातलं यंत्र चौकात ठेवलं की कोणता फोन किती वाजता गेला, किती वेळ थांबला, उद्या परत आला का, सगळं कळायचं. हे काल्पनिक नाही. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात एका जाहिरात कंपनीनं रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचे पत्ते टिपले होते. बोंबाबोंब झाल्यावर ते थांबवायला लागलं. ज्या लंडनमध्ये बापटांच्या मागावर माणसं ठेवावी लागत होती, तिथं शंभर वर्षांनी ते काम कचरापेटी करू लागली!

यावर फोनवाल्यांनी तोडगा काढला तो पत्ता बदलत राहण्याचा. २०१४ साली आयफोननं नेटवर्क शोधताना खोटा, म्हणजे रँडम पत्ता वापरायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून तर नेटवर्कला जोडतानाही असाच पत्ता दिला जातो. साधारणपणे प्रत्येक वाय-फायला वेगळा. कॅन्टीनला एक, स्टँडवरच्या चहावाल्याला दुसरा. दोघांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या तरी त्या पत्त्यावरून हा एकच पोरगा आहे हे कळत नाही. रँडम पत्ता ओळखायचा सोपा मार्ग सांगतो. पत्त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नाही, फोननं स्वतः बनवलेला आहे. अशा पत्त्यांची संख्या होते सुमारे ७० लाख कोटी. भूमिगत व्हायला भरपूर जागा!

पण बापट शेवटी सापडलेच. १९१२ साली इंदूरला पोलिसांनी त्यांना पकडलं. मुळात ते अडकले होते ते जवळच्या वर्तुळातल्या एका माणसाच्या तोंडून नाव निघाल्यामुळे. पत्त्यांचंही असंच आहे. मॅक अ‍ॅड्रेस बदलला तरी फोनचं नाव, तुमचं लॉगिन, रोज त्याच वेळी त्याच जागी येण्याची सवय हे सगळं बोलत असतं. पत्ता गप्प बसला तरी बाकीचे साक्षीदार असतातच.

आता हॉस्टेलची गोष्ट. आपल्याकडे रोजचा डेटा ठरलेला होता आणि तो मोजला जायचा फोनच्या पत्त्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या कोणा हुशार मंडळींनी शोध लावला की फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एक बटण दाबलं की पत्ता पुन्हा पुन्हा बदलता येतो. नवीन पत्ता म्हणजे नवीन फोन, नवीन फोन म्हणजे नवीन डेटा! आठवडाभरात सगळ्या हॉस्टेलला ही विद्या आली. मग व्हायचं ते झालं. आमच्या विंगच्या नेटवर्कमध्ये फोनांना वाटायला एकूण २५४ आयपी पत्ते. प्रत्येक नव्या चेहऱ्याला सर्व्हर एक पत्ता देऊन ठेवायचा आणि तो मुदत संपेपर्यंत परत घ्यायचा नाही. मेसच्या ताटांसारखं समजा. एकच पोरगा टोपी बदलून पाच वेळा ताट घेऊन गेला की मागच्याला ताटच नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री निम्म्या पोरांना नेट नाही. ज्यांनी बटण दाबलंच नव्हतं तेच बाहेर.

मग नोटीस लागली. सर्वांनी रँडम पत्ता बंद करावा आणि फोनचा खरा पत्ता नावासह नोंदवावा. मी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नेटवर्क बघणाऱ्या सरांना मदत करत होतो. मला नोटीस शंभर टक्के पटली. मी स्वतः खोल्याखोल्यांत फिरून पत्ते लिहून घेतले. चोरी करत नाही तर लपवता कशाला, हे वाक्य तेव्हा मी किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

इथं परत बापटांकडे येतो, कारण याच सुमारास मी त्यांच्या सुटकेपर्यंत पोचलो होतो. साक्षीदार आधीच मेलेला, पुरावा उभा राहिना, तेव्हा त्यांना सोडावं लागलं. बापट पारनेरला आले. आता मला वाटलं होतं की चार वर्षं लपून राहिलेला माणूस गुपचूप घरात बसेल. तर त्यांनी काय केलं? हातात झाडू घेतला! पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे, ज्या वस्तीत गाव पाऊल टाकत नव्हतं तिथल्या पोरांना शिकवायचं. बी.ए. झालेला, विलायत बघितलेला ब्राह्मणाचा मुलगा भर रस्त्यात झाडतोय. आणि १९१४ साली मुलाच्या बारशाला पहिली पंगत बसवली ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची. गावाला काय वाटलं असेल ते आपण ओळखू शकतो. पण हे सगळं त्यांनी उघड्यावर केलं, कारण तसं करायचं त्यांनी ठरवलं होतं.

ठरवलं होतं, हे महत्त्वाचं. ते मला कसं कळलं, ते सांगायला जरा जड जातंय.

नोंदणी झाल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये आता पत्त्यांपुढे नावं दिसायला लागली. कोणता फोन किती वाजता कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला होता, सगळं एका ओळीत. माझं काम होतं फक्त किती आयपी शिल्लक आहेत ते बघण्याचं. पण समोर नावं दिसली की माणूस वाचतोच. माझा एक मित्र रोज संध्याकाळी लायब्ररीत जातो म्हणून सांगायचा. त्याचा फोन मात्र रोज सहा ते नऊ मेसच्या मागच्या बाजूच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला दिसत होता. मला वाटलं, काहीतरी भानगड! रात्री खोलीत सात-आठ जण बसलेले असताना मी ते हसत हसत सगळ्यांसमोर काढलं. लायब्ररी मेसच्या मागे कधी हलवली रे, असं काहीतरी विचारलं. सगळे हसले. तो हसला नाही. वडिलांचा कांदा त्या वर्षी कवडीमोलानं गेला होता. तो रोज तीन तास मेसमध्ये भांडी घासून बिल फेडत होता. हे त्यानं स्वतः कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि नोटीस लागल्यावर खरा पत्ता सगळ्यात आधी नोंदवणाऱ्या दहा जणांत तो होता. ज्यांनी पत्ते बदलून डेटा लाटला ते लॉगमध्ये धुक्यात, आणि नियम पाळणारा उजेडात.

तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. अलीपूरच्या खटल्यातला तो साक्षीदार मी आधी तुच्छतेनं वाचला होता. पुन्हा ते पान उघडलं तेव्हा वाटलं, त्याला निदान फाशीची भीती होती. मला तर कोणी काही विचारलंही नव्हतं!

बापटांनी गावात केलेलं काम आणि माझ्या मित्राचं काम यात कमी-जास्त काहीच नाही, दोन्ही हातांनी घाम गाळायचं काम. फरक एवढाच की बापटांनी कोणासमोर उभं राहायचं ते स्वतः ठरवलं. माझ्या मित्राच्या बाबतीत ते मी ठरवून टाकलं. लपवणारा तो चोरच, हे माझं गणित तिथं साफ चुकलं.

बापटांचं पुढचं सगळं आयुष्य उघड्यावरच गेलं. पुण्यात टिळकांच्या मराठा पत्रात काम केलं. मग आला मुळशीचा सत्याग्रह. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी मुळा-नीला नद्यांच्या संगमावर धरण बांधायला घेतलं आणि मावळातली पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती. भाताची सोन्यासारखी खाचरं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते. याच लढ्यानं त्यांना सेनापती ही पदवी दिली. बायका-पोरांसह शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसायचे, मार खायचे, तुरुंगात जायचे. धरणविरोधी लढ्यांमध्ये जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत याची गणना होते. इथं लपून चालणारच नव्हतं. ज्यांची जमीन जाणार त्यांना आपल्या पुढाऱ्याचा चेहरा आणि नाव दिसायलाच हवं होतं. १९२४ च्या अखेरीस बापटांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालंच. ते पाणी आजही भिऱ्याच्या वीजघरात पडतं. इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस एका मोठ्या इंजिनिअरिंग प्रकल्पासमोर उभा राहिला, आणि हरला. विजेला त्याचा विरोध नव्हता. न विचारता घेतलेल्या जमिनीला होता.

१९३१ ला सुटले, भाषणाबद्दल पुन्हा आत गेले, ते १९३७ ला बाहेर आले. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम केलं. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी नानासाहेब गोरे यांच्याबरोबर पहिल्या तुकडीत गेले तेव्हा वय होतं ७४! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. १९७७ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

हे वाचून संपलं तेव्हा मी सरांकडे गेलो आणि घडलेलं सांगितलं. सर रागावले, आणि बरोबरच रागावले. पण मग आम्ही बसून नीट विचार केला. चूक पत्ता बदलणाऱ्या फोनची नव्हतीच. चूक होती फोनच्या पत्त्याला माणूस समजण्याची. डेटा माणसाला द्यायचा आहे ना? मग मोजायचा माणसावर. प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड. म्हणजे पत्ता दिवसातून दहा वेळा बदलला तरी डेटा तेवढाच, आणि रँडम पत्ता बंद करायची सक्तीच नको. आयपीची मुदत काही तासांवर आणली की ताटंही लवकर मोकळी होतात. ही व्यवस्था या सत्रात सुरू झाली आणि सबमिशनच्या रात्री सगळ्यांना नेट मिळालं.

पण हेही खरं की लॉगिन केलं की कॉलेजला आपण कोण ते कळणारच. रँडम पत्ता आपल्याला वाटेवरच्या परक्यांपासून लपवतो, आपल्याच घरच्या नेटवर्कपासून नाही. तिथं मशीन उपयोगाचं नाही, तिथं नियम लागतो आणि माणूस लागतो. म्हणून आता लॉग ठरावीक दिवसांनी पुसला जातो, नावासह तो फक्त सर बघू शकतात आणि तेही लेखी कारण असेल तरच. विद्यार्थी प्रतिनिधीला नावं दिसत नाहीत. हा शेवटचा नियम मी स्वतःहून मागून घेतला.

बापट चार वर्षं लपले तेही बरोबर होतं आणि पुढे आयुष्यभर उघड राहिले तेही बरोबर होतं, असं मला आता वाटतं. परक्या सरकारला त्यांनी ओळख दिली नाही, आपल्या माणसांपासून ती लपवली नाही. कोणाला कळावं हे त्यांच्या हातात होतं तोवर ते त्यांनी सोडलं नाही.

तो मित्र आता बोलतो. हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. त्यानं दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि छाप म्हणाला. त्याचं नाव इथं लिहिलेलं नाही. ते कोणाला सांगायचं ते तो बघेल.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)